टायटलमधले हात

धाकटा आला तेव्हा बाराला पस्तीस मिनिटं कमी होती. दार उघडंच होतं, पण तो उंबऱ्यातच थबकला, कारण थोरला आधीच येऊन बसलेला होता. थोरल्याने मान वर केली नाही. ताईच्या भिंतीवरचं घड्याळ मांडीवर पालथं घालून तो त्याचं झाकण काढत होता. ते तीन मिनिटं पुढे होतं आणि ते त्याला बघवत नव्हतं. धाकट्याने चपला काढल्या, परत घातल्या आणि परत काढल्या.

"ताई, घरी कोणी नसेल म्हणाली होतीस."

"परकं कोणी नसेल म्हणाले होते," ताई म्हणाली आणि तिने मनगटातलं रबर ओढून टक्कन सोडलं.

ही तिची जुनी खोड. गोंधळली की ती उजव्या मनगटातलं रबर ओढून सोडायची. शाळेच्या कार्यालयात फॉर्मांच्या गठ्ठ्यांची रबरं दिवसभर तिच्या मनगटात असत, आणि एखादं तसंच घरी यायचं. आज सकाळपासून ते इतक्या वेळा वाजलं होतं की मनगटावर लाल रेघ उमटली होती.

कोणाला कुठे बसवायचं यात तिचे दोन दिवस गेले होते. कोच तिघांचा. दोन्ही भाऊ कोचावर आणि मध्ये वहिनी, असं शेवटी ठरलं. वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. धाकटा तिला वहिनी म्हणायचा म्हणून घरात सगळेच वहिनी म्हणत, ताईसुद्धा.

"या भावजी, बसा," वहिनी म्हणाली. "मध्ये मी आहे. तुमच्या त्या प्लायवुडपेक्षा जाड आहे, काळजी नको."

धाकटा बसला. थोरला एक वीत पलीकडे सरकला.

प्लायवुड दुकानात होतं. वडिलांनी दोघांना मिळून दिलेल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात नऊ वर्षांपासून मधोमध ते उभं होतं. अलीकडे थोरला, पलीकडे धाकटा. दोन्ही बाजूंना पाटी एकच: 'मालिकेतले हात इथे आहेत.' गिऱ्हाईक दारात उभं राहून दोन्ही पाट्या वाचायचं, जरा विचार करायचं आणि घड्याळ खिशात घालून पुढे जायचं.

भांडणाचं मूळ चौऱ्याऐंशी सेकंदांचं होतं. दहा वर्षांपूर्वी एका मालिकेची माणसं कॅमेरा घेऊन दुकानात आली होती. मालिका पुढे सहा पर्वं चालली आणि प्रत्येक भागाआधी तेच, तेवढ्या सेकंदांचं टायटल लागत गेलं. त्यात एक्कावन्नाव्या सेकंदाला दोन हात दिसतात. उजव्या हातात बारीक स्क्रूड्रायव्हर, डाव्या हातात उघडं खिशातलं घड्याळ, आणि डाव्या अंगठ्यावर एक तिरपा, पांढरा व्रण. चार सेकंद. मनगटापासून वर काहीच दिसत नाही.

थोरल्याच्या डाव्या अंगठ्यावर तसाच व्रण होता, लहानपणी दिव्याची काच लागल्याचा. म्हणून हात त्याचे. पण थोरला डावखुरा. स्क्रूड्रायव्हर उजव्या हातात कसा? "मला दोन्ही हातांनी येतं," थोरला म्हणायचा. धाकटा उजवा. म्हणून हात त्याचे. पण त्याला व्रण कुठे होता? "ती सावली आहे," धाकटा म्हणायचा. त्या दिवशी कॅमेरा दोघांवरही तासतासभर चालला होता, त्यामुळे कोणीच मागे हटायला तयार नव्हतं.

आणि आता दुकानमालकाने नव्या कराराचा कागद पाठवला होता. करार एकाच नावावर होईल, सही सोमवारी सकाळपर्यंत हवी, नाहीतर जागा शेजारच्या औषधवाल्याला. दोघांनी वेगवेगळे फोन करून ताईला अगदी एकच वाक्य सांगितलं होतं: हात ज्याचे, नाव त्याचं, तू तिथे होतीस, तू सांग.

कागद टीपॉयवर रिमोटखाली होता. नावाची जागा कोरी होती.

ताईला जी भीती होती ती कागदाची नव्हती. नऊ वर्षांपूर्वी पहिला भाग लागला त्या संध्याकाळी थोरल्याने विचारलं होतं, "ओळखलेस का हात?" त्याचा चेहरा असा फुलला होता की ती म्हणाली, "तुझेच रे, दुसऱ्या कोणाचे?" पंधरा मिनिटांनी धाकट्याचा फोन आला. त्यालाही ती म्हणाली, "तुझेच की!" वाटलं, दोन दिवसांचं कौतुक आहे, विरून जाईल. विरलं नाही. मग प्लायवुड आलं, आणि ते नेमकं तिच्या स्टुलाच्या जागी आलं. घड्याळांचे पट्टे विकायचं तिचं छोटं काउंटर दुकानाच्या मधोमध होतं. भिंतीच्या आत कोण बसणार? ती शाळेच्या नोकरीला लागली.

खरं काय, ते तिला तेव्हाही माहीत नव्हतं. त्या दिवशी ती चहाचे कप मोजत होती.

गंमत म्हणजे दोघा भावांनी ती मालिका कधी पाहिलीच नव्हती. टायटल लागलं की दोघे आपापल्या घरी टीव्हीसमोर येत, एक्कावन्नावा सेकंद बघत आणि उठून जात. मालिका पाहिली ती ताईने. एका पुलाची आणि तो बांधणाऱ्या घराण्याची गोष्ट, सहा पर्वं, अठ्ठावन्न भाग. एकोणसाठावा, शेवटचा, आज बारा वाजता येणार होता.

टायटलवर तर तिचा जीव होता. पेटती काडी, ओला जिना, दाराखालून सरकणारं पाकीट, ते हात, रिकामी खुर्ची. पहिल्यांदा बघताना कशाचा कशाला पत्ता लागत नाही, नुसतीच चित्रं. तिसऱ्या पर्वात कळलं की पाकीट आत येत नाहीये, कोणीतरी ते आतून बाहेर ढकलतंय. त्या दिवसापासून तेच पाकीट दिसलं की ती हातातला चहा खाली ठेवायची. चित्र तेच, सेकंद तेवढेच, बदललेली फक्त ती. वहिनीने एकदा 'इंट्रो वगळा'चं बटण दाबलं होतं, तेव्हा ताई दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती.

"पंचवीस मिनिटं आहेत," टीव्हीच्या मागून आवाज आला. ही थोरल्याची मुलगी, घरातलं नाव फूटपट्टी. चौथीत असताना तिने सगळ्या खोल्या मोजून काढल्या होत्या. आता भिंगं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती, आणि जुन्या टीव्हीच्या जागी हा नवा, दारापेक्षा मोठा टीव्ही तिनेच आत्याला आणला होता. "आत्या, तोवर जुनं टायटल लावू? या पडद्यावर अजून कोणी बघितलं नाही."

"लाव," दोघे भाऊ एकदम म्हणाले, आणि एकदम म्हणालो म्हणून दोघांनाही राग आला.

काडी पेटली. जिना. पाकीट. हात आले आणि फूटपट्टीने चित्र थांबवलं.

"बघ, व्रण," थोरला म्हणाला.

"बघ, उजवा हात," धाकटा म्हणाला. "वहिनी, दादाला म्हणावं सावलीला काय मलम लावतोस का?"

"मी निरोप पोचवणार नाही," वहिनी म्हणाली. "पण भावजींचं बरोबर वाटतं. हे उजव्या हाताने साधं कुलूप उघडत नाहीत."

"तू माझी बायको आहेस!"

"म्हणून तर माहीत आहे."

फूटपट्टीने चित्र थोडं मागे घेतलं, पुढे सोडलं, परत मागे घेतलं. "बाबा, हा स्क्रू आवळला जातोय की सुटतोय?"

"आवळला जातोय. खाली चाललाय, दिसत नाही का?"

"मग हात डावीकडे का फिरतोय?"

आयुष्यभर स्क्रू आवळत आलेली दोन माणसं पडद्याकडे बघत राहिली. नऊ वर्षं दोघांनी आपापला पुरावाच पाहिला होता. स्क्रूकडे एकाचीही नजर गेली नव्हती.

"उलट्या आट्यांचा असेल," थोरला शेवटी म्हणाला. "असतो एखादा."

"असतो," धाकटा म्हणाला. नऊ वर्षांत दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट होती.

"असेल," फूटपट्टी म्हणाली. "पण हे बघा." तिने घड्याळाच्या पत्र्यावर चित्र मोठं केलं. पत्र्यावर बारीक अक्षरं कोरलेली होती. जुन्या टीव्हीवर तिथे नुसती चमक दिसायची. "वाचा."

धाकटा पुढे झुकला, मग मान वाकडी केली, मग आणखी वाकडी केली. "उलटी आहेत."

"आरशात दिसतात तशी. म्हणजे टायटल करणाऱ्यांनी हे चित्र डावं-उजवं फिरवून लावलंय. शेजारच्या चित्राशी जुळावं म्हणून करतात तसं. म्हणजे खरा स्क्रूड्रायव्हर डाव्या हातात होता."

थोरला उठून उभाच राहिला. "डाव्या! म्हणजे माझ्या! काय म्हणत होतो मी?"

"बाबा, थांबा. मग व्रणही फिरतो. तो खरा उजव्या अंगठ्यावर आहे."

थोरल्याने आपले दोन्ही अंगठे पुढे धरले आणि आळीपाळीने पाहिले.

"एक हात मिळाला आणि दुसरा गेला," वहिनी म्हणाली.

"माझे तर दोन्ही गेले," धाकटा म्हणाला. मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं आणि तो ताईकडे वळला. "पण ताई, तू तर म्हणाली होतीस माझेच आहेत म्हणून. पहिल्याच दिवशी. फोनवर."

"तुला?" थोरला म्हणाला. "मला म्हणाली होती! इथेच, या खोलीत!"

दोघेही तिच्याकडे बघत होते. ताईने रबर ओढलं, टक्. पुन्हा ओढलं, टक्.

"तुम्ही दोघे इतके खूश होता," ती म्हणाली. "मी काय करायला हवं होतं?"

"एकाला नाही म्हणायला हवं होतं!"

"कोणाला?"

याचं उत्तर दोघांकडे तयार होतं, पण दोघांची उत्तरं एकसारखी नव्हती, आणि तेवढ्यात त्यांनाच ते कळलं. थोरला खाली बसला. "म्हणजे नऊ वर्षं..." एवढंच म्हणाला.

"आत्या, त्या दिवशी आणखी कोण होतं दुकानात?" फूटपट्टीने विचारलं. तिला कोणाची बाजू घ्यायची नव्हती. तिला फक्त उत्तर हवं होतं. "माणूस डावखुरा हवा. उजव्या अंगठ्यावर व्रण हवा. आणि स्क्रू आवळणं सरावाचं हवं."

"कोणी नव्हतं. आम्ही तिघं आणि ती कॅमेऱ्याची माणसं."

"त्यांच्यापैकी कोणी असेल," थोरला म्हणाला.

"त्यांना स्क्रूड्रायव्हर धरता येत नव्हता," धाकटा म्हणाला. "एकाने चिमट्याने कान कोरला होता, आठवतं? तुझ्या चिमट्याने."

"आठवतं," थोरला म्हणाला, आणि त्याला हसू आलं ते त्याने दाबलं.

ताई स्वयंपाकघरात गेली. काम काही नव्हतं. नळ सुरू केला, बंद केला. डोक्यात नुसता गुंता होता: डावं म्हणजे उजवं, आवळणं म्हणजे डावीकडे, आणि दोन्ही भावांना गमावलं की दोघे परत मिळाले, तेही समजेना. टायटलमधलं पाकीट तिला आठवलं. तेही असंच. आत येतंय म्हणून बघायचं आणि ते बाहेर जात असायचं.

"आत्या! बारा!"

ती येऊन आपल्या खुर्चीत बसली. बाकीचं नंतर. एकोणसाठावा भाग आयुष्यात एकदाच पहिल्यांदा बघता येतो.

काडी पेटली, पण विझली नाही. ताई सावरून बसली. पेटती काडी एरवी तीन सेकंदांत जायची. आज ती बोटांपर्यंत जळत आली.

"लांब केलंय," ती कुजबुजली. "शेवटचं आहे म्हणून प्रत्येक चित्र पूर्ण दाखवताहेत."

जिन्यावर आज पाऊल पडलं. पाकीट पूर्ण बाहेर आलं, आणि त्यावर पत्ता होता. मग हात आले. एक, दोन, तीन, चार. इथे तोडायचे, आज तोडलं नाही. स्क्रू खालपर्यंत बसला. कॅमेरा थोडा मागे सरकला आणि मनगटं दिसली. हातांनी घड्याळ खाली ठेवलं, स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. व्रणाच्या हाताच्या मनगटात एक हिरवं रबर होतं. दुसऱ्या हाताचं बोट तिथे गेलं, रबर ओढलं आणि सोडलं.

टक्.

पडद्याला त्या जागी आवाज नव्हता, नुसतं संगीत होतं. टक् खोलीत झालं होतं.

सगळे वळले. ताईचा डावा हात उजव्या मनगटावर होता. तिने तो पटकन काढून मांडीखाली घातला, चोरी सापडल्यासारखा.

"आत्या," फूटपट्टी हळूच म्हणाली, "उजवा अंगठा दाखव."

दाखवायची गरज नव्हती. थोरल्याला माहीत होतं. तो आठ वर्षांचा होता आणि ताई दहाची. समोरासमोर बसून अभ्यास करताना मधला काचेचा दिवा कडेला घसरला आणि दोघांनी एकदम धरला. त्याचा डावा अंगठा कापला. समोरून, त्याच बाजूने, तिचा उजवा.

"लाइट बघतोय म्हणाला होता," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "तुम्ही दोघं शर्ट बदलायला गेला होता. त्यांचा तो दिवेवाला म्हणाला, बाई, दोन मिनिटं इथे बसता का, मला नुसता लाइट बघायचाय. बसले. समोर घड्याळ उघडं पडलं होतं, स्क्रू अर्धा वर आलेला. म्हटलं हात रिकामे कशाला ठेवायचे. आवळला. मग तुम्ही आलात आणि मी उठले. ते... ते काही खरं शूटिंग नव्हतं."

"तुला स्क्रू आवळता येतो?" धाकट्याने विचारलं.

"वडिलांच्या शेजारी तुमच्याआधी मी बसायचे."

फूटपट्टीने चित्र केव्हाच थांबवलं होतं. पडद्यावर रिकामी खुर्ची होती. ताईला त्या हातांकडे बघताना नेहमी वाटायचं, किती शांत हात आहेत, कोण असेल हा माणूस, याला कशाची घाई नाही. अठ्ठावन्न वेळा वाटलं होतं. आता तिने मांडीखालचा हात काढून पाहिला. तो पुन्हा रबराकडेच चालला होता. हा तो हात कसा असेल?

वहिनीने रिमोट उचलला आणि खालचा कागद थोरल्यापुढे धरला. थोरल्याने तो ताईपुढे सरकवला.

"हात ज्याचे, नाव त्याचं," तो म्हणाला.

"मला नको दुकान. मी काय करू त्याचं?"

"अट आमची होती," धाकटा म्हणाला. "आता तू मोडू नकोस. खोटं एकदा बोललीस तेवढं पुरे."

"दोनदा," थोरला म्हणाला.

ताईने दोघांकडे पाहिलं. ते रागावले होते की नव्हते हे तिला अजिबात कळेना. बहुतेक त्यांनाही कळत नव्हतं. "मला माझं स्टूल हवं," ती शेवटी म्हणाली. "होतं तिथेच."

"तिथे प्लायवुड आहे," थोरला म्हणाला.

"माहीत आहे."

थोरल्याने घसा साफ केला. "चोवीस स्क्रू आहेत. अर्ध्या तासाचं काम."

"सव्वीस," धाकटा म्हणाला. "दोन मी नंतर मारले. माझ्या बाजूने."

"कशाला?"

"तुझा रेडिओ ऐकू यायचा."

वहिनीने पेन दिलं. शाळेत मारून मुटकून उजव्या हाताने लिहायला शिकवल्यापासून ताईने प्रत्येक सही उजव्यानेच केली होती. आज पेन कोणत्या हातात आलं हे तिला नाव अर्धं लिहून झाल्यावर दिसलं. अक्षरं वाकडी होती, तिच्या कुठल्याच सहीसारखी नव्हती.

"ही चालेल का?" तिने विचारलं.

"चालेल," धाकटा म्हणाला. "हात ओळखीचा आहे."

"बरं, आता सगळे गप्प बसा. मी यातलं काहीही पाहिलेलं नाही," ताई म्हणाली. "मागे घे गं. पार काडीपासून."

काडी पुन्हा पेटली. जिना, पाकीट, हात, रबर. ताईने या वेळी नजर खाली केली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. खुर्ची आली, संगीत थांबलं, चौऱ्याऐंशी नव्हे, तब्बल एकशे एकतीस सेकंदांनंतर टायटल संपलं. या क्षणाला दोघे भाऊ नेहमी उठायचे. ती वाट बघत राहिली. कोच करकरला, पण थोरला फक्त मागे रेलला होता.

पुलावर धुकं होतं. एक म्हातारा काठी टेकत चालत आला आणि कठड्याशी थांबला. ताईने खुर्ची पुढे ओढली. तो इथवर पोचेल असं तिला वाटलंच नव्हतं.

"हा कोण?" धाकट्याने वहिनीच्या पलीकडे वाकून थोरल्याला विचारलं.

"मला काय माहीत?" थोरला म्हणाला. "ताई, हा कोण?"